सुरकुत्यांवर अंडं

“आजी म्हणाली ती मला. आजी!” शालिनीकाकूंनी हातातला आरसा पलंगावर आदळला. “माझ्या पोटच्या पोरीचा साखरपुडा, आणि ती पुण्याची बया मला सगळ्यांदेखत म्हणते, ‘आजी, तुम्ही खुर्चीवर बसा, दमाल.’ तूच सांग वृंदा, मी आजी दिसते?”

“छे हो काकू,” मी म्हटलं.

दिसत होत्या. चांगल्या पणजी दिसत होत्या. पण धंद्यात असं बोलून चालत नाही, आणि त्या दिवशी तर मला तोंडात साखर धरूनच बसायचं होतं.

केतकीच्या सीमांतपूजनाची दुपार होती ती. मिरजेतलं काकूंचं दुमजली घर माणसांनी फुललेलं. नवरीला मी तयार करून मैत्रिणींबरोबर कार्यालयात पाठवून दिलं होतं. आता वरच्या खोलीत मी, काकू आणि काकूंचा चेहरा एवढेच उरलो होतो. संध्याकाळी पुण्याची मंडळी यायची होती. ती विहीणबाई यायची होती. वय काकूंएवढंच, पण चेहरा कसा, इस्त्री केलेल्या रुमालासारखा.

“साखरपुडा झाल्यापासून भात सोडला, पोळी सोडली, साखर सोडली,” काकू म्हणाल्या. “दुधीचा रस पिऊन पिऊन जीव विटला. म्हटलं बारीक झाले की तरुण दिसेन. तर हे काय झालं बाई? होते त्यापेक्षा जास्त लोंबायला लागलं!”

“तसंच होतं, काकू. उशीतला कापूस काढला, अभ्रा तेवढाच राहिला. मग चुण्या पडणारच.”

“मग आता?”

“आता काय? कातडीच्या खाली धागे असतात बारीक. पलंगाची नवार असते ना, तसे. तरुणपणी घट्ट विणलेले. वय झालं की शरीर नवे धागे विणत नाही, आणि जुने सैल पडतात. त्यात ऊन लागलं तर विचारायलाच नको. ऊन त्या धाग्यांची नुसती राख करतं. आणि पुन्हा माणसाच्या सवयी असतात. कुणी सारखं कपाळाला आठ्या घालतं, कुणी सारखे ओठ मुरडतं. कागदाला एकाच जागी रोज घडी घातली तर ती पुन्हा जाते का?”

काकूंनी आरसा उचलून ओठांकडे पाहिलं. वरच्या ओठावर उभ्या रेघा होत्या, परकराच्या नाडीत कापड गोळा व्हावं तशा. लोकांची उणीदुणी काढताना ओठ मुरडून मुरडून झालेल्या. ऊन काही त्या बाईंना कधी लागलं नव्हतं. अंगणात वाळवण घालायलासुद्धा दुसऱ्याचे हात असायचे. ते हात कुणाचे, ते मला चांगलं ठाऊक होतं.

“उपाय सांग,” त्या म्हणाल्या. “एवढी मोठी तू ब्यूटीपार्लरवाली. सांगलीहून बायका येतात म्हणे तुझ्याकडे.”

“उपाय आहेत की. कातडीच्या डॉक्टरकडे जायचं. ते रात्री लावायचं मलम देतात, पण त्याला महिने लागतात. सुई देतात कपाळात, स्नायू झोपवतात. तिचा गुण यायला आठवडा तरी जातो. साल काढतात चेहऱ्याची, पण मग काही दिवस तोंड उकडलेल्या बिटासारखं लाल.”

“विहीणबाई संध्याकाळी येणार आहेत गं! मला महिने कुठले सांगतेस?”

“म्हणजे आजच्या आज पाहिजे?”

“आत्ताच्या आत्ता!”

मी माझ्या पेटीतले ब्रश उगाच इकडचे तिकडे केले. ह्या क्षणासाठी मी ह्या लग्नाचं काम घेतलं होतं. केतकी पार्लरमध्ये आली, पत्ता सांगितला, आणि माझ्या हातातली कात्री थांबली होती. तारखेला दुसरं लग्न होतं माझ्याकडे, मोठं. ते मी सोडलं.

“एक आहे,” मी म्हटलं. “जुना नाटकवाल्यांचा उपाय. एक जाड हात लावायचा, वाळू द्यायचा, धुवायचा. मग एक पातळ हात द्यायचा आणि त्याच्यावर मेकअप. कातडी अशी ताणून बसते की रात्रीच्या पंगती उठेपर्यंत सुरकुती वर डोकं काढत नाही. फक्त खदाखदा हसायचं नाही आणि रडायचं नाही.”

“मग लाव की! विचारतेस काय?”

“तुम्हाला चालणार नाही, काकू.”

“का नाही चालणार? काय असतं त्यात?”

“अंडं,” मी म्हटलं. “अंड्यातला पांढरा बलक.”

काकू पलंगावरून उठल्याच. पदर नाकाला लावला, जणू काही ते अंडं खोलीत येऊन बसलंय. “शिव शिव शिव! अगं, सकाळी देवक बसलंय घरात! संध्याकाळी मला जावयाचे पाय धुवायचेत. आणि तोंडाला अंडं? आमच्या घरात आजतागायत त्याचं नाव निघालेलं नाही!”

नाव निघालेलं नाही! नाकानं कांदे सोलावे तर ह्या बाईनं. पण मी शांतपणे पेटीचं झाकण लावलं.

“म्हणूनच म्हटलं, तुम्हाला चालणार नाही. चला, मग नेहमीचा मेकअप करते. पावडर सुरकुत्यांत थोडी बसेल, पण काय करणार? आणि वयाचं काय मनावर घ्यायचं? म्हणू देत विहीणबाईंना आजी.”

काकू खिडकीशी गेल्या. परत आल्या. आरशात पाहिलं. दोन्ही हातांनी गाल कानाकडे ओढून पाहिले, सोडून पाहिले. खाली कुणीतरी ओरडत होतं, गाडी सजवून झाली म्हणून. मी मुद्दाम घड्याळाकडे पाहिलं.

“वृंदा,” त्या हळूच म्हणाल्या. “वास येतो का गं त्याला?”

“कशाला?”

“त्याला. त्या... तुझ्या त्याला.”

“त्याला म्हणजे कशाला, काकू? मला नीट सांगा. मागाहून म्हणाल, मला न विचारता लावलं. तुमच्या देवकाचा दोष मी नाही घेणार डोक्यावर.”

त्यांचे ते ओठ मुरडले. मग घशातून, विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला. “अंड्याला.”

“येतो थोडा. गुलाबपाणी घालते मी. मग लावू?”

“लाव.”

“काय लावू?”

“अंडं लाव!” काकू दात खाऊन कुजबुजल्या. “पण कुणाला कळू देऊ नको.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्या शेवटच्या वाक्यावर मी पेटीतून कापसात गुंडाळलेलं अंडं काढलं आणि जपून मुठीत धरलं. हेच वाक्य मी ह्याच खोलीत, ह्याच बाईच्या तोंडून पूर्वी ऐकलं होतं. शब्दाला शब्द तेच.

मी अंडं वाटीच्या कडेवर फोडलं. पिवळं एका टरफलात ठेवलं, पांढरं वाटीत घेतलं, चार थेंब गुलाबपाण्याचे घालून फेटलं. काकू टॉवेल गुंडाळून पलंगावर आडव्या झाल्या, डोळे घट्ट मिटून, इंजेक्शन घ्यायला झोपावं तशा. मी ब्रशनं पहिला हात दिला. कपाळ, डोळ्यांच्या कडा, गाल, हनुवटीखालची ती लोंबती कातडी. ओठांवरच्या रेघांवर दोनदा.

“आता ऐका,” मी म्हटलं. “हे वाळेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही. तोंड हललं की तडकलं, आणि तडकलं की सगळं पहिल्यापासून. कळलं? मान नका हलवू. नुसतं बोट वर करा.”

काकूंनी बोट वर केलं.

मी उठून दाराला कडी घातली. मग खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसले. पंख्याच्या वाऱ्यानं बलक आकसायला लागला होता. चेहरा हळूहळू ओढला जात होता. काय सांगू, दहा वर्षांनी तरुण दिसायला लागल्या होत्या.

“तुम्ही गप्प पडलाच आहात, तर मी एक गोष्ट सांगते,” मी म्हटलं. “वेळ जाईल. एका बाईची गोष्ट आहे. ही बाई एका घराच्या खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. नवरा नाही, दोन पोरं पदरात. जात तुमचीच, सोवळंओवळं तुमच्याइतकंच. बाई चार घरी स्वयंपाक करायची. पुरणपोळी अशी करायची की जेवणारा पान सोडून उठत नसे. मालकिणीची वाळवणं घालायची, मालकिणीच्या कुंड्यांना पाणी घालायची.”

काकूंच्या पायाचा अंगठा हलला. चेहरा हलला नाही.

“बाईचा मुलगा आजारी पडला. छातीत सारखा कफ, अंगात बारीक ताप, पोर वाळून काडी झालं. डॉक्टर म्हणाले प्रायमरी कॉम्प्लेक्स आहे, लहान पोरांचा क्षय, औषध देतो, पण पोराच्या पोटात ताकद पाहिजे. रोज एक अंडं द्या. बाईनं जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. स्टोव्हवर उकडताना नाकातोंडाला पदर बांधायची आणि रामरक्षा म्हणायची. पोराला भरवताना तिलाच उमासे यायचे.”

काकूंचे डोळे उघडले. वर छताकडे पाहत होते, पण मला माहीत होतं त्यांना काय दिसतंय.

“डोळे मिटा, काकू. डोळ्यांच्या कडेला तडकेल.”

मिटले. मिटावेच लागले.

“तर त्या वर्षी मालकिणीनं चैत्रागौरीचं हळदीकुंकू केलं. वर, गॅलरीत. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाची कमळं, सगळं त्या बाईनंच केलेलं. गावातल्या सगळ्या बायका जमलेल्या. त्यातल्या एकीनं केसांत माळायला गुलाब तोडला आणि कुंडीत बघते तर काय? टरफलं. अंड्याची. त्या बाईनं पुरलेली. केरात टाकली तर लोक बघतील, म्हणून गुलाबाच्या मुळाशी दाबलेली. गुलाब तोडणाऱ्या त्या भानूमावशीच. त्याच, ज्या आत्ता खाली जिन्याशी खुर्ची टाकून बसल्यात.”

काकूंच्या गळ्याची शीर उडायला लागली. बलक तिथं तडकायला लागला, मी बोटानं नीट केला.

“मालकिणीनं काय केलं? टरफलं उचलली आणि हळदीकुंकवाच्या तबकात ठेवली. बाईला खालून बोलावलं. बाई हात पुसत वर आली, अंगाला डाळीचा वास. मालकीण म्हणाली, ‘बघा गं बायांनो! तुमच्या घरी पुरण वाटणारे हात बघा!’ मग तिला म्हणाली, ‘सांग ह्यांना, काय आणलंस माझ्या घरात?’ बाई गप्प. ‘सांग!’ बाई पुटपुटली. मालकीण म्हणाली, ‘मोठ्यानं म्हण. सगळ्यांना ऐकू दे.’ आणि बाईनं म्हटलं. मोठ्यानं. ‘मी घरात अंडं आणलं.’”

मी वाटी हातात घेतली. उरलेला बलक फेसाळला होता.

“दुसऱ्या दिवसापासून एकाही घरानं तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही. खोल्या सोडायला लागल्या. मग ती रस्त्यावर भाजी विकायला बसली. डोक्यावर छप्पर नाही, नुसता पदर. उन्हाळा, पावसाळा, सगळा अंगावर. तुम्हाला मघाशी सांगितलं ना, ऊन कातडीचे धागे कसे जाळतं? ते मी पुस्तकात नाही शिकले हो, काकू. चाळिशीच्या आत तिचा चेहरा पार करपला. सुरकुत्यांना सुरकुत्या पडल्या. पेठेतली पोरं तिला ‘ए म्हातारे’ म्हणून हाक मारायची. तिच्या मुलीला वाटायचं, आपण काहीतरी शिकू, आणि आईचा चेहरा परत आणू. म्हणून ती ब्यूटीपार्लर शिकली. सगळी मलमं लावून पाहिली. गेलेलं परत येत नाही, काकू. जळलेलं जळलं.”

मी वाकून काकूंच्या कानाशी तोंड नेलं. आता मला ‘तुम्ही’ म्हणवेना, तरी ‘तू’ म्हणायला जीभ वळली नाही. लहानपणीची भीती अशी मुरलेली असते.

“लीला नाव त्या बाईचं. मी चिमी. लीलाची चिमी. परकर नेसून ह्या खोलीच्या उंबऱ्याशी उभी असायची ती. ओळखलंत?”

घशातून एक आवाज आला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “हलू नका. अजून खरी गोष्ट राहिलीय. तुम्हाला वाटत असेल, चिमी लहान होती, तिला काय आठवणार? हळदीकुंकवाच्या महिनाभर आधी आई तुमच्याकडे आली होती. ह्याच खोलीत. मी पदराला धरून उभी होते. आईनं तुमच्यापासून काही लपवलं नव्हतं. म्हणाली, ‘वहिनी, डॉक्टर अंडं द्या म्हणतात, तुमच्या घरात कसं करू? तुम्ही नको म्हणालात तर खोली बघते दुसरी.’ आणि तुम्ही काय म्हणालात?”

खोलीत पंखा तेवढा फिरत होता.

“तुम्ही म्हणालात, ‘कर. पण कुणाला कळू देऊ नको.’”

आणि चेहरा फुटला.

काकू ताडकन उठून बसल्या. कपाळावरून, गालांवरून बलकाचे पापुद्रे पांढरे होऊन सुटले. “मग मी काय करायचं होतं?” त्या फुत्कारल्या. “भानूनं टरफलं काढली! सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या! कुंडी माझी! घर माझं! त्या मला म्हणाल्या असत्या, शालिनीनंच...”

“म्हणून आईला म्हणायला लावलंत.”

“तिला सांगता आलं असतं! मी परवानगी दिली होती, असं म्हणता आलं असतं तिला! तोंड नव्हतं का तिला?”

“मी सांगणार होते. मी तोंड उघडलं होतं. आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. खाली खोलीत गेल्यावर म्हणाली, शब्द दिलाय मी तिला, कुणाला कळू देणार नाही म्हणून.”

काकूंनी हात असा झटकला की माझ्या हातातली वाटी उडाली. भिंतीवर आपटली, आणि उरलेला बलक फरशीवर ओघळला. “चालती हो! चालती हो माझ्या घरातून! अंडी घेऊन येतेस, सूड उगवतेस...”

“जाते की,” मी म्हटलं आणि पेटी उचलली.

खाली मोटारीचा हॉर्न वाजला. अण्णा, काकूंचे यजमान, कार्यालयातून परत आले होते. त्यांचा आवाज जिन्यातून वर आला. “शालिनी! आटप लवकर! पुण्याची गाडी कधीच सांगलीच्या रस्त्याला लागलीय. विहीणबाई फोनवर तुझी आठवण काढतायत!”

काकूंनी आरसा घेतला. मी दाराची कडी काढत होते, तरी वळून पाहिलं. कसं नाही पाहणार? अर्धा चेहरा ताणलेला आणि अर्धा लोंबलेला. मधे पांढऱ्या भेगा, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. त्या स्वतःकडे बघत राहिल्या. राग उतरत गेला, आणि खाली जे होतं ते वर आलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तेच खरं.

“वृंदा,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “चिमे.”

“काय?”

“अजून एक आहे?”

मला हसू येत होतं आणि रडूही. इतकं ऐकूनसुद्धा ह्या बाईला पहिलं काय आठवलं? विहीण. “नाही,” मी म्हटलं. “एकच आणलं होतं. आता दुसरं मागवायला लागेल.”

“तू आण ना. कोपऱ्यावर मिळतं. पटकन जा आणि पटकन ये.”

“मी नाही जाणार. मी पिशवीत अंडं घेऊन तुमच्या जिन्यात सापडले, तर म्हणायला लावाल मलाच.”

“मग अण्णांना फोन लाव. माझा मोबाइल त्यांच्याच खिशात आहे. तुझ्या फोनवरून लाव.”

“माझा फोन नाही देणार. जिना आहे, तोंड आहे. हाक मारा.”

“सगळ्या बायका आहेत गं खाली!”

“होत्या तेव्हाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दार सताड उघडलं आणि बाजूला उभी राहिले. पुन्हा हॉर्न वाजला. काकूंनी टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला, तोंड अर्धं झाकलं, आणि जिन्याच्या कठड्याशी गेल्या.

“अहो,” त्यांनी बारीक हाक मारली. “जरा कुणाला तरी पाठवा. अंडं आणायला.”

खाली बांगड्या वाजत होत्या, हसणं चाललं होतं. कुणाला काही कळलं नाही. जिन्याच्या पायथ्याशी बसलेल्या भानूमावशींनी तेवढी मान वर केली. आता त्यांना कमी ऐकू येत होतं. त्यांनी कानामागं हात धरला.

“काय गं शालिनी? काय पाहिजे?”

काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. देवाशपथ, मी एक अक्षर बोलले नाही.

“ऐकू नाही येत गं!” भानूमावशी ओरडल्या. “मोठ्यानं म्हण!”

“अंडं!” काकू किंचाळल्या. “अंडं आणा हो कुणीतरी! अंडं! अंडं!”

आणि घर गप्प झालं. बांगडी वाजली नाही, भांडं वाजलं नाही. स्वयंपाकघरातून दोघी बाहेर आल्या, एकीच्या हातात फुलांची परडी तशीच राहिली. अण्णा तोंड उघडं टाकून जिन्याखाली उभे. भानूमावशींनी कानामागचा हात हळूच काढून तोंडावर ठेवला.

शेवटी मोटारीचा ड्रायव्हर गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. बायकांनी साड्या सावरून त्याला जिन्यात वाट दिली, जणू तो विस्तव घेऊन चाललाय. काकूंनी ते अंडं दोन्ही हातांत घेतलं, आणि मला दिलं.

मेकअप मी चोख केला. कामात हयगय माझ्या हातून होत नाही, वैर असलं तरी. जाड हात, पाणी, पातळ हात, वरून रंग. झाल्यावर आरशात बघितलं त्यांनी. चेहरा अगदी इस्त्री केल्यासारखा. हसल्या नाहीत. हसता येतच नव्हतं.

जाताना मी दोन्ही अंड्यांची टरफलं गोळा केली. गॅलरीत गुलाबाच्या कुंड्या अजून होत्या. मोठ्यातली मोठी कुंडी बघून मुळाशी माती उकरली आणि दाबून टाकली. काकू दारातून बघत होत्या. मी हात धुतले आणि खाली उतरले. बायका मला वाट देत बाजूला झाल्या.

कार्यालयात विहीणबाईंनी काकूंच्या गालाला हात लावला म्हणे. “अय्या, काय लावता हो?” असं विचारलं. भोवती भानूमावशी, स्वयंपाकघरातल्या त्या दोघी, सगळ्या उभ्या होत्या. काकू ओठ न हलवता म्हणाल्या, “दूध आणि हळद.” त्यावर एकीला ठसका लागला आणि तिला पाणी द्यावं लागलं. हे मला केतकीच्या मैत्रिणीनं सांगितलं, आणि मिरजेत हे आजही सांगतात. नव्या सुनांनासुद्धा माहीत आहे.

मी त्या संध्याकाळी सरळ नंदूकडे गेले. नंदू माझा भाऊ, तेव्हाचा तो काडीसारखा पोर. आता ट्रॅक्टरच्या दुकानात मॅनेजर आहे, पोट सुटलंय. आई त्याच्याकडेच असते. ओसरीवर लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. उशी, अभ्रा, ब्रश, वाटी. ती खाली मान घालून लसूण सोलत राहिली. मला वाटलं आता रागावते. माझी आई कधी कुणाचं वाईट चिंतायची नाही, लोक तिला तेच म्हणत आलेत.

“तुला राग आला?” मी विचारलं.

तिनं हातातली लसणाची पाकळी सोलून ताटलीत टाकली.

“मोठ्यानं म्हणाली?” तिनं विचारलं.

“मोठ्यानं.”

“किती मोठ्यानं?”

मी उठले. ओसरीच्या पायरीवर उभी राहिले, पदर डोक्यावरून घेतला, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “अंडं आणा हो कुणीतरी! अंडं! अंडं!”

समोरच्या घरातलं माणूस खिडकीत आलं. नंदू आतून धावत आला. आणि आई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग तोंड उघडून, दात नसलेली जागा दिसेपर्यंत हसली. उन्हानं तिच्या चेहऱ्यावर जेवढ्या रेघा ओढल्या होत्या तेवढ्या सगळ्या एकदम हलल्या. तिनं पदरानं डोळे पुसले, लसणाची ताटली बाजूला सारली, आणि नीट मांडी घालून बसली.

“परत एकदा म्हण,” ती म्हणाली.